दुकानातील संगणक आणि दुसऱ्याची अमानत

रात्री दुकान बंद करताना आपला व्यापारी किती काळजी घेतो ते पाहण्यासारखे असते. शटर ओढले जाते, दोन्ही बाजूंना कुलपे लागतात, ती एकदा ओढून पाहिली जातात, चार पावले पुढे गेल्यावर पुन्हा मागे येऊन ओढून पाहिली जातात. गल्ल्यातील रक्कम पिशवीत घालून घरी नेली जाते. मात्र त्याच दुकानात काउंटरवर जो संगणक असतो, ज्यात सगळी उधारी, पार्ट्यांचे दर, कामगारांची आधार कार्डे आणि कित्येकदा घरच्या मंडळींचे फोटोही असतात, त्याला कुलूप आहे काय असे विचारले तर बहुतेक जण हसतात. संगणकात चोरण्यासारखे काय आहे, असा उलट प्रश्न येतो.

काही महिन्यांपूर्वी एका नातेवाइकाच्या उमराहची कागदपत्रे देण्यासाठी एका प्रवास कार्यालयात जाण्याचा योग आला. मालक नमाजसाठी गेले होते. काउंटरवर विशीतला एक मुलगा बसला होता. त्याने पासपोर्ट घेतला, स्कॅन केला आणि ज्या फोल्डरमध्ये तो टाकला त्यात माझ्या डोळ्यांसमोर पासपोर्टांची भलीमोठी यादी उघडली. नाव, वडिलांचे नाव, गाव, वर्ष असे लिहिलेले शेकडो पासपोर्ट. आमच्याच गल्लीतील चार-पाच नावे मी बसल्या जागी वाचली. त्यात बायकांचे फोटो होते, घरांचे पत्ते होते, मोबाईल नंबर होते. त्याच संगणकावर कोपऱ्यात एक चित्रपटही सुरू होता. मी त्या मुलाला विचारले की, बाबा, हे सारे असे उघडे का ठेवले आहे? तो म्हणाला, "उघडं कुठंय चाचा? हा फोल्डर हिडन आहे. बाहेरच्याला दिसतच नाही."

त्या मुलाचा दोष नाही. फोल्डर दडवला म्हणजे तो सुरक्षित झाला, असा समज केवळ त्याचा नाही. चांगले शिकलेले, कापडाचा, औषधाचा, सुट्या भागांचा मोठा व्यापार करणारे लोकही याच समजुतीत आहेत. म्हणून हा विषय या पानावर मांडणे आवश्यक वाटले.

फोल्डर हिडन करणे म्हणजे काय, हे आधी पाहू. विंडोजमध्ये त्या फोल्डरवर एक खूण केली जाते आणि संगणक तो यादीत दाखवत नाही. तो जागचा हलत नाही, त्यातील मजकूर बदलत नाही. ज्याला पाहायचे आहे त्याने एक्सप्लोररमध्ये वर 'व्ह्यू' दाबावे, मग 'शो', मग 'हिडन आयटम्स'. तीन वेळा माऊस दाबला की सगळे दडवलेले फोल्डर फिकट रंगात समोर येतात. शाळेतल्या मुलालाही हे ठाऊक असते. घरात पैसे गादीखाली ठेवण्याची सवय जुन्या काळी होती आणि चोरही प्रथम गादीच उचलत असे. तसाच हा प्रकार आहे.

मग लोक म्हणतात, आमच्या संगणकाला पासवर्ड आहे. सुरू केला की पासवर्ड विचारतो. हे जरा बरे आहे, पण किती बरे आहे तेही समजून घेतले पाहिजे. ज्यांनी विंडोज ९५ आणि ९८ वापरले असेल त्यांना आठवत असेल की, त्या वेळी पासवर्डची खिडकी आली आणि आपण एस्केपचे बटण दाबले किंवा 'कॅन्सल' केले तरी संगणक निमूटपणे उघडत असे. तो पासवर्ड राखणीसाठी नव्हताच. आजचा विंडोज तसा नाही, समोरच्या दारातून तो कोणाला आत सोडत नाही. परंतु कागदपत्रे त्या दारात नसतात. ती असतात आतल्या हार्ड डिस्कमध्ये किंवा हल्लीच्या एसएसडीमध्ये. दोन स्क्रू काढून ती डिस्क बाहेर घेतली, बाजारात सहज मिळणाऱ्या डबीत घातली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली की तुमचा पासवर्ड कोणी विचारतही नाही. सगळी फाईल-फोल्डरे पेन ड्राईव्हप्रमाणे समोर येतात. डिस्क काढण्याचीही गरज नाही. लिनक्स भरलेला एक पेन ड्राईव्ह लावून संगणक त्यावरून सुरू केला तरी तेच होते. यात कोणतीही जादू नाही. संगणक दुरुस्त करणारा प्रत्येक जण बिघडलेल्या मशीनमधून ग्राहकाचा डाटा असाच काढून देतो आणि आपण त्याचे आभार मानतो. जो डाटा तो आपल्यासाठी काढू शकतो, तो स्वतःसाठीही काढू शकतो, हे त्या वेळी आपल्या मनात येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संगणकात चोरण्यासारखे काय आहे? माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे, कारण तो असे गृहीत धरतो की संगणकात जे आहे ते आपले आहे. त्यातील बरेचसे आपले नसते. झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानाचा संगणक उघडून पाहा. डेस्कटॉपवर दुसऱ्यांची आधार कार्डे, उत्पन्नाचे दाखले, मुलींच्या गुणपत्रिका, बँकेची पासबुके पडलेली असतात. काम होऊन वर्ष झाले तरी ती तिथेच असतात. मालेगाव किंवा भिवंडीच्या लूम मालकाकडे कामगारांची कागदपत्रे असतात. औषध दुकानदाराकडे कोणाला कोणता आजार आहे, हे त्याच्या बिलांवरून सरळ वाचता येते. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या यादीवरून मोहल्ल्यात कोणाच्या घरी हात तंग आहे ते कळते. ही माहिती लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवून दिली आहे. आपल्या भाषेत तिला अमानत म्हणतात. अमानत तिच्या मालकाच्या हाती पोहोचवावी, अशी आज्ञा सूरह निसाच्या ५८ व्या आयतीत आहे, हे आपण जुमाच्या खुतब्यात अनेकदा ऐकले आहे. मक्केतील लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांना अमीन म्हणत. विरोध करणारेही आपल्या वस्तू त्यांच्याकडेच ठेवायला देत, आणि हिजरतच्या वेळी त्या वस्तू ज्यांच्या त्यांना परत करण्यासाठी हजरत अली (र.) यांना मागे ठेवण्यात आले, ही हकीकत आपल्या घरातील लहान मुलेही सांगतात. हीच अमानत कागदाऐवजी फाईलच्या रूपात आली की ती सांभाळण्याची जबाबदारी मात्र कोणाला जाणवत नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी उधारीची वही कपाटात असे आणि कपाटाची किल्ली मालकाच्या कमरेला. मुनीमसुद्धा एका गिऱ्हाईकाला दुसऱ्याचे पान दिसू नये म्हणून वहीवर हात ठेवून लिहीत असे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, असे सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत सांगितले आहे. त्याप्रमाणे लिहिण्याचे काम आपण संगणकाकडे सोपवले हे चांगलेच झाले. वहीवर हात ठेवण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपवले नाही.

काही जण सांगतात की आम्ही फोल्डर लॉक करणारा प्रोग्रॅम टाकला आहे. यासंबंधी सावध करणे भाग आहे. अशा नावाने फुकट मिळणारे बरेच प्रोग्रॅम फोल्डरला फक्त दडवतात किंवा त्याचे नाव बदलून ठेवतात. एक छोटी बॅच फाईल तर गेली कित्येक वर्षे मुले एकमेकांना देत आहेत. ती फोल्डरचे नाव बदलून त्याला कंट्रोल पॅनेलसारखे रूप देते आणि पासवर्ड विचारते. ती फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर पासवर्ड आत साध्या अक्षरांत लिहिलेला सापडतो. दरवाजाला कुलूप लावायचे आणि किल्ली त्याच कुलपाला दोरीने बांधून ठेवायची, असे हे झाले.

एक्सेलचेही तसेच आहे. 'प्रोटेक्ट शीट' म्हणून जी सोय आहे ती चुकून कोणी आकडा बदलू नये एवढ्यासाठी आहे. मजकूर वाचण्यापासून ती कोणाला रोखत नाही, आणि ती सहज काढताही येते. खरी सोय 'फाईल'मध्ये जाऊन 'इन्फो' आणि 'प्रोटेक्ट वर्कबुक' यांखाली 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड' या नावाने आहे. तीसुद्धा नव्या पद्धतीच्या फाईलवर लावावी. सन २००७ च्या ऑफिसपासून जी फाईल एक्सएलएसएक्स नावाने साठवली जाते तिचे कुलूप मजबूत आहे. त्याआधीच्या एक्सएलएस फाईलचा पासवर्ड आज बाजारातील साध्या प्रोग्रॅमने निघतो, आणि आपल्याकडे कित्येक दुकानांत वीस वर्षांपूर्वी कोणीतरी बनवून दिलेली तीच जुनी फाईल अजून चालू आहे. डाऊनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून काही जण निर्धास्त असतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्माचे वर्ष, हे सर्व जगाला माहीत आहे. ज्या दुकानात ती फाईल ग्राहकाच्या नावाने साठवलेली असते, तिथे निम्मा पासवर्ड बाहेरच लिहिलेला असतो.

तर खरे कुलूप कोणते? ते म्हणजे एन्क्रिप्शन. यात मजकूरच अशा रीतीने बदलून टाकला जातो की किल्लीशिवाय तो निरर्थक चिन्हांचा ढीग राहतो. डिस्क काढून कुठेही जोडा, हाती काही लागत नाही. हे ऐकायला अवघड वाटते पण करायला अवघड नाही आणि बहुतेक वेळा त्यासाठी वेगळा पैसाही लागत नाही. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आधीपासून असतो, तो संपूर्ण डिस्कला कुलूप लावतो. होम आवृत्तीत, मशीन त्या योग्यतेचे असेल तर, सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाईस एन्क्रिप्शन' नावाचे बटण सापडते. ते नसेल तर व्हेराक्रिप्ट हा फुकट मिळणारा आणि ज्याची आतली रचना कोणालाही तपासता येते असा प्रोग्रॅम आहे. तो डिस्कवर एक तिजोरी तयार करून देतो, पासवर्ड दिला की ती वेगळ्या ड्राईव्हप्रमाणे उघडते, काम झाले की बंद करायची. दोन-चार फाईलच जपायच्या असतील किंवा कोणाला पाठवायच्या असतील तर सेव्हन-झिपने त्यांचा गठ्ठा बांधून पासवर्ड द्यावा आणि फाईलची नावेही एन्क्रिप्ट करण्याची खूण करावी. मात्र मूळ उघड्या फाईल नंतर पुसायला विसरू नये. गठ्ठ्याला कुलूप आणि मूळ फाईल शेजारी उघडी, असे मी स्वतः पाहिले आहे. टॅली वापरणाऱ्यांसाठी टॅलीव्हॉल्ट नावाची सोय आहे, ती कंपनीचा सगळा हिशेब एन्क्रिप्ट करते. आपल्या किती व्यापाऱ्यांनी ती कधी उघडून पाहिली आहे?

एवढे असूनही एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डिस्कचे कुलूप हे बंद संगणकाचे कुलूप आहे. संगणक चालू आहे, पासवर्ड दिलेला आहे आणि मालक चहाला गेला आहे, अशा वेळी जो खुर्चीवर बसेल त्याला सर्व काही दिसणार. म्हणून दुकानात नोकरासाठी वेगळे खाते उघडावे, त्याला बिल करण्यापुरतेच दिसू द्यावे, आणि उठताना विंडोजचे बटण व एल हे अक्षर एकत्र दाबण्याची सवय लावून घ्यावी. दुरुस्तीला मशीन देताना पासवर्डची चिठ्ठी चिकटवून देण्याची जी पद्धत पडली आहे ती तर ताबडतोब बंद झाली पाहिजे. पडदा बदलायला, कीबोर्ड बदलायला पासवर्डची गरज नसते. गरज असलीच तर समोर बसून स्वतः टाकावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहावासा वाटला ती सांगतो. ती कुलपाची नसून किल्लीची आहे.

आमच्या परिचयातील एका व्यापाऱ्याचे इंतकाल झाले. माणूस अत्यंत व्यवस्थित. घाऊक व्यापार, पुष्कळ उधारी येणे आणि बरेच देणेही. संगणकाच्या बाबतीत ते सावध होते, सर्व हिशेब पासवर्ड लावून ठेवत आणि तो पासवर्ड कोणालाही सांगत नसत. मुलांनाही नाही. दफनाच्या वेळी आपल्याकडील रिवाजाप्रमाणे थोरल्या मुलाने सर्वांसमोर सांगितले की, वडिलांकडे कोणाचे काही देणे असेल तर त्याने आमच्याशी बोलावे, आम्ही ते फेडू. ज्यांचे येणे होते ते चार दिवसांत आले. काहींनी सांगितलेली रक्कम खरी होती, काहींची असेल-नसेल, पडताळणार कशी? ज्यांच्याकडून वडिलांचे येणे होते त्यांच्यापैकी दोघेच आले, अल्लाह त्यांना बरकत देवो. बाकीचे भेटले की सलाम करून पुढे जातात. आणि ज्या दोन विधवा बायकांनी थोडी थोडी रक्कम त्यांच्याकडे विश्वासाने ठेवली होती असे मुलांनी फक्त ऐकले होते, त्या कोण, रक्कम किती, हे आजपर्यंत कळलेले नाही. फाईल आहे. ती उघडत नाही. मुलांनी तीन ठिकाणी संगणक नेला, तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळाले.

वारसांमध्ये वाटणी होण्यापूर्वी मृताचे कर्ज फेडले पाहिजे, हे सूरह निसाच्या वारसाविषयक आयतींत स्पष्ट आहे. ज्याला कर्जाचा आकडाच ठाऊक नाही त्या मुलाने काय करावे? मी त्या कुटुंबाला दोष देत नाही आणि मरहूमलाही देत नाही. कुलूप लावणे हा अर्धा भाग त्यांनी उत्तम केला होता. पण मजबूत एन्क्रिप्शनला चावीवाला नसतो. बाजारातून माणूस बोलावून कुलूप फोडता येत नाही, हाच तर त्याचा गुण आहे आणि मालक गेल्यावर तोच गुण घरच्यांवर उलटतो.

यासाठी बिटलॉकर कुलूप लावताना ४८ अंकांची एक रिकव्हरी की देतो. बरेच लोक ती न वाचताच पुढे जातात. ती कागदावर छापून घ्यावी आणि दुकानाचे खरेदीखत, घराचे कागद जिथे असतात तिथे ठेवावी. ती त्याच संगणकात ठेवण्यात काही अर्थ नाही, हे सांगायला नको. येथे एक नवीन अडचणही लक्षात घ्यावी. सन २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून पुष्कळशा नव्या मशीनवर हे कुलूप आपोआप लागते आणि त्याची किल्ली ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन प्रथम सुरू केले त्या खात्यात जाऊन बसते. आपल्याकडे मशीन प्रथम सुरू कोण करतो? विकणारा किंवा त्याचा कारागीर, आणि घाईत कित्येकदा स्वतःच्याच ई-मेलने. म्हणजे मशीन तुमचे, डाटा तुमचा आणि किल्ली तिसऱ्याच्या खात्यात. नवा संगणक घेतला असेल तर आपल्या मशीनवर कोणाचे खाते आहे ते आधी तपासा.

वसीयत लिहून ठेवण्याची आपल्याला सूचना आहे आणि तरीही आपल्यापैकी फार थोडे ती लिहितात. जे लिहितात त्यांनी त्यात आणखी एक ओळ घालावी: हिशेबाची फाईल कुठे आहे आणि तिची किल्ली कोणत्या लिफाफ्यात आहे. लिफाफा बंद असावा, त्यावर सही असावी, आणि तो कुठे आहे हे किमान दोन विश्वासू माणसांना माहीत असावे. त्यातील एक पत्नी असेल तर फारच चांगले. आपल्याकडे धंद्याच्या गोष्टी बायकांपासून दूर ठेवण्याची जी प्रथा आहे, तिची सर्वाधिक किंमत त्याच बायकांना विधवा झाल्यावर मोजावी लागते.

डाटा चोरीला जाणे आणि डाटा नष्ट होणे या दोन वेगळ्या आपत्ती आहेत आणि एन्क्रिप्शनने फक्त पहिलीपासून बचाव होतो. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याने लाखो संगणकांतील फाईल स्वतःच्या किल्लीने बंद करून पैसे मागितले. ज्या दोषातून तो शिरला त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, दिलेला होता. तो ज्यांनी लावला नाही ते सापडले. त्यानंतर सुमारे दीड महिन्यातच, २७ जूनला, नॉटपेट्या आला आणि आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्याने बंद पाडले. बंदराची ही गत, तर दुकानाचे काय सांगावे? विंडोज १० साठी अशा दुरुस्त्या देण्याची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे, हेही ज्यांची मशीन जुनी आहेत त्यांनी लक्षात घ्यावे. याला उपाय एकच, फाईलची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असणे, आणि ती डिस्क काम झाल्यावर संगणकापासून सोडवून ठेवणे. जोडलेली राहिली तर तीही त्याच फेऱ्यात सापडते. आणि त्या डिस्कलाही कुलूप हवे, नाहीतर मूळ तिजोरीत आणि नक्कल खिशात, असे व्हायचे.

एक आक्षेप मी ऐकला आहे, तो असा की कुलूप तोच लावतो ज्याला काही लपवायचे असते. हे खरे नाही. आपण घराला दार लावतो ते घरात गुन्हा चालतो म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून शिरू नये आणि कोणाच्या खाजगी गोष्टींचा शोध घेत फिरू नये, याची शिकवण सूरह नूर आणि सूरह हुजुरातमध्ये आहे. जे पाहणाऱ्याला मना आहे ते झाकण्याची ठेवणाऱ्यावरही जबाबदारी आहेच. मात्र जे लोक हिशेबाच्या दोन वह्या ठेवतात आणि दुसरी दडवण्यासाठी एन्क्रिप्शनची चौकशी करतात, त्यांनी हा लेख आपल्यासाठी आहे असे समजू नये. असे दोन फोन मला आले आहेत.

कायद्याचे म्हणाल तर खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. सन २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यवसायांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. लोकांच्या माहितीची योग्य राखण न केल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला कोणी अडीचशे कोटी मागणार नाही, परंतु माझ्याकडे शंभर लोकांची आधार कार्डे पडली होती आणि मला ठाऊकच नव्हते, हे उत्तर यापुढे चालणार नाही एवढे निश्चित.

कुलूप लावण्याआधी एक स्वस्त उपाय आहे तो म्हणजे नको असलेले ठेवूच नये. जे आपल्याजवळ नाही ते आपल्याकडून हरवत नाही. फॉर्म भरून झाला, पावती मिळाली, ग्राहकाच्या समोर फाईल पुसावी आणि रिसायकल बिनही रिकामी करावी. जिथे ओळख पटवण्यापुरते आधार हवे तिथे ज्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात ते मास्क्ड आधार मागावे. जुना संगणक भंगारात देताना किंवा विकताना फाईल डिलीट करून भागत नाही, कारण डिलीट म्हणजे यादीतून नाव खोडणे, मजकूर बराच काळ डिस्कवर तसाच राहू शकतो. जी डिस्क पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेली आहे तिची ही चिंता फार कमी असते. बाकीच्यांनी विकण्यापूर्वी डिस्क काढून घेतलेली बरी. तिच्यासाठी चार पैसे कमी मिळाले तरी चालतील.

त्या प्रवास कार्यालयाच्या मालकांना मी नंतर फोन केला आणि जे पाहिले ते सांगितले. प्रथम ते जरा रागावले. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच बोलावले. आम्ही दोघे आणि तो मुलगा इशाच्या नमाजनंतर बसलो. फोल्डरमध्ये २०११ पासूनचे पासपोर्ट निघाले. त्यातील कितीतरी लोक आता हयात नाहीत. एका पासपोर्टवर मालकांनी बराच वेळ नजर ठेवली, तो त्यांच्या मामूंचा होता. ज्यांचे काम संपले होते आणि ज्यांची नोंद कोणत्याही कारणाने ठेवणे आवश्यक नव्हते ती सर्व कागदपत्रे काढून टाकायला रात्रीचे साडेअकरा वाजले. उरलेल्यांवर बिटलॉकर लावला, ४८ अंक छापले, मालकांनी तो कागद घडी करून लिफाफ्यात घातला आणि दुकानाच्या भाडेकराराच्या फायलीत ठेवला. घरी गेल्यावर बेगमला सांगतो म्हणाले. मुलगा तेवढा नाराज आहे. आता सकाळी आल्यावर दोनदा पासवर्ड टाकावा लागतो, आणि चित्रपट पाहायचा तर स्वतःच्या मोबाईलवर पाहावा लागतो.